खाचेचा कोपरा

३ जून

भाऊजी,

नमस्कार. 'सप्रेम' लिहिणार होते, पण ते खरं नसताना लिहायची सवय मला अजून लागलेली नाही. कागदावर का लिहितेय, असा प्रश्न तुम्हाला पडेल. कार्यालयाच्या मेलवर लिहिलेला शब्दन् शब्द प्रकल्पाच्या फायलीत आपोआप जमा होतो, आणि मला जे म्हणायचंय ते एकदा तरी फायलीबाहेर म्हणावं असं वाटलं. याला हवं तर घरचा मान समजा. फोन करून पाहिला होता. माझं नाव दिसलं की तुम्ही उचलत नाही, हे आता आईंनाही कळून चुकलंय. "तो कामात असेल गं," असं म्हणतात आणि विषय बदलतात.

मुद्द्यावर येते. तुमच्या प्रयोगशाळेने एकतीस कुटुंबांचं रक्त तपासलं. प्रत्येक घरातलं एक मूल, धावता-खेळता हृदयाचे ठोके बिघडून कधी ना कधी कोसळलेलं, आणि त्याचे आईवडील. एकूण त्र्याण्णव माणसं. शहाण्णव खळग्यांच्या एकाच प्लेटमध्ये त्यांचे नमुने भरले आणि शेवटचे तीन खळगे, भेसळ झाली तर कळावी म्हणून, मुद्दाम रिकामे ठेवले. हे तुम्हाला शिकवत नाहीये. मला काय दिसलं ते क्रमाने सांगतेय.

दीड वर्षापूर्वी तुमच्या लॅबमधून उठून मी इथे प्रकल्प व्यवस्थापक झाले, तेव्हापासून दर महिन्याला सात प्रयोगशाळांच्या बाद नमुन्यांच्या याद्या वाचते. तुमच्या भाषेत कारकुनी. त्या प्लेटबद्दल, म्हणजे प्लेट क्रमांक चौदाबद्दल, तुमच्याकडून दोन नोंदी आल्यात. एका पानावर लिहिलंय की पहिल्या तीन नमुन्यांतून काहीच वाचता आलं नाही, त्या तिघांचं रक्त पुन्हा मागवलं. दुसऱ्या पानावर लिहिलंय की शेवटच्या तीन रिकाम्या खळग्यांत भेसळ सापडली. एकेकटी बघितली तर रोजचीच कटकट. पण दोन्ही पानं शेजारी ठेवून बघा. जिथे भरलेलं हवं तिथे तीन रिकामे, आणि जिथे रिकामं हवं तिथे तीन भरलेले.

भाऊजी, ती प्लेट उलटी भरली गेलीय. डोक्याकडची बाजू पायाकडे. पुन्हा रक्त मागवलेले तिघे सोडले, तर प्रत्येकाच्या नावावर भलत्याच माणसाचा निकाल लागलाय.

१ जुलैला प्रकल्पाचे डॉक्टर त्या घरांना निकालाची पत्रं देणार आहेत. त्याच्या आत फ्रीझरमधल्या मूळ नळ्या उघडा आणि सगळं पहिल्यापासून तपासा.

— वहिनी


९ जून

वहिनी,

तुमचं पत्र मिळालं. दोन वेळा वाचलं. पहिल्यांदा हसू आलं म्हणून, दुसऱ्यांदा कीव आली म्हणून.

एकतीसपैकी अकरा मुलांमध्ये आम्हाला जनुकातला असा बदल सापडलाय, जो त्यांच्या आईतही नाही आणि बापातही नाही. म्हणजे तो वारशाने आला नाही, त्या मुलातच नव्याने झाला. या आजारात इतकं प्रमाण आजवर कोणी दाखवलेलं नाही. मी अकरा वर्षं ज्या दाराशी बसलो होतो ते दार उघडलं, आणि ते नेमकं तुम्ही उठून गेल्यावर उघडलं. आता तुमच्या पोटात का दुखतंय ते कळायला जनुकशास्त्र लागत नाही.

तीन खराब नमुने आणि तीन खळग्यांत भेसळ यावरून तुम्ही प्लेट फिरवलीत. उद्या माझ्या खोलीतला दिवा गेला आणि शेजारच्या खोलीत दोन दिवे लागले, तर अख्खी इमारत फिरली म्हणाल. आम्ही ते अकरा निकाल पुन्हा तपासलेत. अकराच्या अकरा तेच आले. मूळ नळ्यांतून नाही, प्लेटमधून. का, ते माहितेय? मूळ नळी उघडायची तर प्रकल्प व्यवस्थापकांचा परवाना लागतो. हा नियम तुमचा. तुम्ही खुर्चीत बसल्या बसल्या काढलेलं पहिलं परिपत्रक. मागच्या वर्षी मी अर्ज केला होता, तर तीन आठवडे पडून राहिला आणि मग 'कारण पुरेसं स्पष्ट नाही' असा शेरा मारून परत आला. शेऱ्याखाली तुमचीच सही होती.

एक जुनी गोष्ट सांगतो. वर्गात आपण एका बाकावर बसायचो तेव्हा तुम्ही म्हणायचात की तुम्हाला एकच गोष्ट करायचीय, जे कोणाला माहीत नाही ते पहिल्यांदा बघायचंय. आता तुम्ही काय बघता? कोणाचा टप्पा किती दिवस लांबला. बघा. पण आमच्या प्लेटमध्ये डोकं घालू नका. संशोधनाचा लेख तयार आहे, या महिन्याअखेर पाठवतोय.

आईला सांगा, मी खरंच कामात आहे. दादालाही सांगा.

— तुमचा दीर


१३ जून

भाऊजी,

परवाना सोबत जोडलाय. त्र्याण्णव नळ्यांचा, सहीशिक्क्यासह. तीन आठवडे नाही, तीन मिनिटं लागली. तुमचा मागचा अर्ज मी परत पाठवला होता हे खरं. त्यात कारणाच्या रकान्यात तुम्ही लिहिलं होतं, 'शास्त्रज्ञाची इच्छा'. तो अर्ज मी अजून जपून ठेवलाय.

प्लेटमधून घेऊन प्लेटच तपासलीत आणि निकाल तोच आला, याचं कौतुक काय? चुकलेल्या घड्याळात दोनदा वेळ बघितली तर दोन्हीदा तीच दिसणार.

मी का उठून गेले ते तुम्ही सगळ्या घराला तुमच्या पद्धतीने सांगितलंत. वहिनीला केबिन हवी होती, वहिनीला हाताखाली माणसं हवी होती. तुमच्या दादांनीही ते बऱ्यापैकी मानलं. अकरा वर्षं मी तुमच्या लॅबमधल्या बाकाशी उभी राहून नमुने भरले, आणि ज्या लेखाचं काम माझ्या हातांनी झालं होतं त्यावर माझं नाव तिसरं आलं. ज्याचं नाव दुसरं आलं तो माणूस त्या वर्षी लॅबमध्ये चार महिने होता. मी विचारलं तर म्हणालात, "घरातल्याच आहात, तुम्ही समजून घ्याल." मी समजून घेतलं आणि गेले. पोटात दुखायचं ते तेव्हाच दुखून झालं. आता दुखतंय ते वेगळ्या कारणासाठी आहे, आणि ते तुम्हाला दिसत नसेल तर मी स्पष्ट लिहिते.

तुमच्या अकरा घरांना १ जुलैला काय सांगितलं जाणार आहे? 'बदल आईवडिलांकडून आलेला नाही, तेव्हा बाकीच्या मुलांना धोका नाही, त्यांना तपासायची गरज नाही.' ते पत्र माझ्या समोर आहे, मसुदा मीच तपासलाय. अकरा घरांत मिळून धाकटी-थोरली चौदा भावंडं आहेत. निकाल चुकीचा असेल तर यातलं एखादं मूल आपण 'तुला काही नाही, खेळ' म्हणून मैदानावर पाठवू, आणि ते तिथे कोसळेल. बाकीच्या वीस घरांचंही तसंच, त्यांना तर 'मुलात काहीच सापडलं नाही' म्हणून सांगणार आहोत. तुमच्या लेखाचं तुम्ही बघा. मी या पत्रांचं बोलतेय.

आता दुसरं. प्लेट मशीनमध्ये गेली ती मी गेल्यानंतर, म्हणजे तुमच्या नव्या टेक्निशियनबाईंनीच ती भरलेली असणार. मी त्यांना एकदा बैठकीत पाहिलंय, सगळा वेळ खिडकीबाहेर बघत होत्या. त्र्याण्णव माणसांचं रक्त उलटं भरून ठेवायचं आणि तीन रिकाम्या खळग्यांत काही सापडलं तर 'भेसळ' म्हणून मोकळं व्हायचं, हा निष्काळजीपणाही नव्हे. याला लाज नसणं म्हणतात. अशा हातांत पिपेट देऊ नये. ज्याने कोणी हे केलं त्याचं नाव अहवालात आलंच पाहिजे आणि त्याने पुन्हा कुठल्याही नमुन्याला हात लावता कामा नये, अशी शिफारस मी समितीकडे करणार आहे. प्लेट चौदा कोणी, कधी भरली, त्या नोंदीच्या कागदाची प्रत मला २० तारखेपर्यंत पाठवा. नाही पाठवलीत तर पुढचं पत्र कार्यालयाच्या मेलवरून येईल.

— वहिनी


२१ जून

वहिनी,

एक दिवस उशीर झाला, माफी असावी. कपाटातलं बाड शोधायला वेळ लागला.

प्रत जोडली आहे. प्लेट क्रमांक चौदा. भरण्याची तारीख बघा. वेळ बघा, सकाळी सव्वानऊ ते सव्वाअकरा. खाली सही बघा, शेवटच्या अक्षराची शेपटी लांब ओढलेली. ती सही टेक्निशियनबाईंची नाही. त्या तेव्हा इथे नव्हत्याच. त्या पुढच्या महिन्यात आल्या, भरून ठेवलेली प्लेट फ्रीझरमधून काढली आणि मशीनला लावली, इतकंच त्यांचं पाप.

ती सही तुझी आहे.

आता मी तुला 'तू' म्हणणार. दादाशी लग्न झालं त्या दिवसापासून घरच्यांसमोर 'तुम्ही, तुम्ही' करत आलो. त्याआधी चार वर्षं अरे-तुरे होतं, आणि भांडण तरी धड व्हायचं.

अशा हातांत पिपेट देऊ नये. तुझंच वाक्य आहे. नाव अहवालात आलंच पाहिजे. तुझंच. लाज नसणं म्हणतात. तेही. मी टेक्निशियनबाईंना तुझं पत्र वाचून दाखवणार होतो, पण त्या चांगल्या बाई आहेत. बैठकीत खिडकीबाहेर बघत होत्या कारण खाली त्यांचा नवरा गाडी लावायला जागा शोधत होता.

प्लेट उलटी भरली असेल असं मी अजूनही मानत नाही. पण समज, भरली असेल. मग काय होईल ते तूच सांग. माझं अकरा वर्षांचं काम पाण्यात जाईल. आणि तू? निवड समितीसमोर तू काय म्हणाली होतीस ते सगळ्यांनी ऐकलंय, अकरा वर्षांत एकही प्लेट चुकलेली नाही म्हणून. त्या एका वाक्यावर तुला ती खुर्ची मिळाली. सात प्रयोगशाळांच्या चुका काढणाऱ्या बाईने स्वतः जाता जाता सगळ्यांत मोठी चूक करून ठेवली, हे कळल्यावर उरलेले सहा जण तुझ्याकडे कसे बघतील?

तेव्हा मी एक सुचवतो. तू तुझा संशय मागे घे. सांग की तीन आणि तीन हा योगायोग होता. मी हा कागद पुन्हा बाडात ठेवतो आणि बाड कपाटात. मूळ नळ्या आपण सवडीने तपासू, लेख छापून आला की. काही निघालंच तर दुरुस्ती करता येते, जगात रोज करतात. मी धमकी देत नाही. मी व्यवस्थापन करतोय. तुझ्याकडूनच शिकलो.

— मी


२४ जून

भाऊजी,

सही माझीच आहे.

तारीख बघितल्यावर सगळं आठवलं. आदल्या दिवशी निवडीचं पत्र आलं होतं. सकाळी नऊला मी तुमच्या टेबलाशी उभी राहून सांगितलं. तुम्ही वर न बघता सगळ्यांसमोर म्हणालात, "बरं झालं. हातून काही निघत नव्हतं, निदान तोंडाने काम होईल." विद्यार्थी हसले. मी जाऊन बाकावर बसले आणि प्लेट भरायला घेतली. त्र्याण्णव नमुने, दोन तास. त्या दोन तासांत मी मनात तुम्हाला द्यायची उत्तरं रचत होते. उत्तरं फार चांगली जमली. प्लेट उलटी गेली.

कशी गेली तेही सांगते, कारण समितीला सांगितलंय. आपल्या प्लेटचा एक कोपरा कापलेला असतो. अकरा वर्षं ती खाच डावीकडे खाली असायची. बाजूला अक्षरं कोरलेली असतात, पण पारदर्शक प्लास्टिकवर ती कोण वाचतंय, हात खाचेवर जातो आणि प्लेट तशी ठेवतो. त्या आठवड्यात नवा पुरवठादार आला होता. त्याच्या प्लेटची खाच उजवीकडे वर. मी नेहमीसारखी खाच डावीकडे खाली आणली, म्हणजे सबंध प्लेट फिरवली. परवा इथल्या भांडारातून त्या बनावटीची एक कोरी प्लेट मागवून हातात घेतली. डोळे मिटून. हाताने पुन्हा तेच केलं.

खाच बदलल्याची सूचना तुमच्या टेबलावर आली होती, ती तुम्ही कोणाला दाखवली नाही. पण ते मी अहवालात घातलेलं नाही. तुमच्याशी वाटणी करायला मला आवडत नाही, दोषाचीसुद्धा नाही.

काल सकाळी समितीला मेल गेला. कार्यालयाच्या मेलवरून, म्हणजे फायलीत जमा झाला. एकतीसही पत्रं थांबवली आहेत. मूळ नळ्या तुमच्या लॅबमध्ये नाही, दुसऱ्या प्रयोगशाळेत तपासल्या जातील, गाडी उद्या येईल, फ्रीझरची किल्ली तयार ठेवा. कारण म्हणून लिहिलंय की प्लेट चौदा मी उलटी भरली, आणि पुढे माझं पूर्ण नाव आणि हुद्दा. तुमच्या संशोधनात माझं नाव सगळ्यांत वर यायची ही पहिलीच वेळ. टेक्निशियनबाईंना माझी माफी सांगा. मी वेगळं पत्रही पाठवलंय त्यांना. तुमच्यावर भरवसा नाही.

तुमची सूचना मी तीन वेळा वाचली. तिसऱ्या वेळी मोह झाला. हे मुद्दाम सांगते, म्हणजे मी काही फार मोठं केलं असं तुम्हाला वाटायला नको. त्या खुर्चीसाठी मी फार काही गिळलंय, आणि ती मला आवडते. तुम्हाला पटणार नाही, पण सात ठिकाणच्या माणसांचं काम एका वेळी एका जागी आणून ठेवणं हेही काम आहे, आणि ते मला तुमच्या बाकावरच्या कामापेक्षा चांगलं जमतं. राजीनामा देऊ का म्हणून विचारलंय. अजून उत्तर नाही.

दादांना सांगितलं. ते म्हणाले, "तुम्ही दोघं एकमेकांना इतकं पाण्यात का बघता?" मी म्हटलं, लग्नाआधीपासूनची सवय आहे. आईंनी तुमच्या पाकिटावरचं अक्षर ओळखलं आणि म्हणाल्या, "बरं झालं, पत्रं तरी लिहिता एकमेकांना."

— वहिनी


८ जुलै

निकाल आले. तुझ्याकडे तक्त्यात आलेच असतील. तरी लिहितो.

माझ्या अकरा मुलांपैकी एकाच्याही बाबतीत ते खरं निघालं नाही. शून्य. नळ्या सरळ भरल्या आणि तेरा घरांत बदल सापडला, तेराच्या तेरा ठिकाणी आई किंवा बापाकडून आलेला. जुना, साधा, सगळ्यांना माहीत असलेला. लेख मी मागे घेतला. संपादकांनी कारण विचारलं, मी लिहिलं 'नमुन्यांची अदलाबदल'. ते दोन शब्द टाइप करायला मला पूर्ण दुपार लागली. मी तुला माफ केलेलं नाही, करणारही नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं वाचून तुला भलतं काही वाटेल.

तुला एक गोष्ट माहीत नाही. एका घराला मी आधीच सांगून टाकलं होतं. मार्चमध्ये. त्या मुलाची आई लॅबच्या दाराशी येऊन उभी राहिली, म्हणाली, "एवढंच सांगा, माझ्यामुळे झालं का?" आणि माझ्या हातात छान उत्तर होतं. मी म्हटलं, "नाही, कोणामुळेच नाही." मला इतकं बरं वाटलं त्या दिवशी. पत्र जायच्या आधी सांगायचं नसतं, तुझा नियम. मी तो मोडला.

तेव्हा निकाल आल्यावर डॉक्टरांना फोन केला की त्या घरी तुम्ही जा. ते म्हणाले, "सांगितलंत तुम्ही, चूक तुमची, तुम्हीच जा." आणि ठेवला.

मी गेलो. तिसरा मजला, लिफ्ट बंद. आईने दार उघडलं आणि ओळखून हसली. चहा ठेवायला आत वळली तर मी म्हटलं, आधी बसा. सांगितलं. दिलेला निकाल दुसऱ्याच कोणाचा होता, तुमच्या मुलाचा बदल घरातूनच आलाय. ती रागावेल असं वाटलं होतं. मी त्याची तयारी करून गेलो होतो, उत्तरं रचून. तिने एवढंच विचारलं, "माझ्याकडून का यांच्याकडून?"

नवरा बाजूला उभा होता, हातात पाण्याचा ग्लास, माझ्यासाठी आणलेला. मी सांगितलं. त्यांच्याकडून. तो खुर्चीवर बसला आणि पाणी स्वतःच प्यायला. आतल्या खोलीतून धप धप आवाज येत होता. मी विचारलं काय आहे, तर म्हणाली, धाकटी दोरीवरच्या उड्या मारतेय, शाळेत स्पर्धा आहे, गेले चार महिने करतेय, तुम्ही म्हणालात ना काही नाही म्हणून.

मीच आत गेलो. आठ-नऊ वर्षांची असेल. मी म्हटलं, बाळ, तपासणी होईपर्यंत हे थांबव. ती म्हणाली, "किती वाजेपर्यंत?"

आजवर मी एकाही घरी गेलो नव्हतो. माझ्यासाठी ती माणसं म्हणजे नळीवरचे आकडे होती, सतरा-अ, सतरा-ब, सतरा-क. आता हे आकडे मला चेहऱ्यासकट दिसायला लागलेत, आणि यात तुझा हात आहे म्हणून मला तुझा आणखी राग येतो. तू प्लेट सरळ भरली असतीस तर मी तिथे गेलोच नसतो. तू गप्प बसली असतीस तरी गेलो नसतो, आणि ती उड्या मारत राहिली असती.

बारा घरं राहिलीत. डॉक्टर पत्रं टाकणार म्हणतात, पोस्टाने.


१२ जुलै

भाऊजी,

पोस्टाने नाही. मी डॉक्टरांची पत्रं थांबवली, ते चिडलेत, चिडू देत.

समितीने राजीनामा घेतला नाही. ठेवलंय तेही मेहेरबानी म्हणून नाही, घातलेला घोळ निस्तरल्याशिवाय जाऊ द्यायचं नाही म्हणून. ते योग्यच आहे. पुढे काय ते सहा महिन्यांनी बघणार आहेत. बैठकीत इतर लॅबच्या प्रमुखांपैकी दोघं माझ्याकडे बघून हसले. तुम्ही म्हणाला होतात तसंच झालं. मी त्यांच्या बाद नमुन्यांच्या याद्या उघडल्या आणि पहिल्या ओळीपासून वाचायला घेतल्या.

तुम्ही माझा नियम मोडल्याचं मला चार महिन्यांनी सांगितलंत. अहवालात ते घालावं लागेल. घातलंय.

आता बारा घरांचं. यादी जोडलीय. पहिली सहा तुमच्या बाजूची, ती तुमची. उरलेली सहा माझी. प्रत्येक घराला एक तास धरलाय, एका दिवशी दोनपेक्षा जास्त नाही, तिसऱ्या घरी माणूस पाठ केल्यासारखं बोलायला लागतो. भावंडांच्या तपासणीच्या तारखा आधीच घेऊन ठेवल्यात, म्हणजे 'कधी' म्हणून विचारलं तर हातात तारीख हवी. धाकटीची परवा आहे, सकाळी दहाला, त्यांना कळवलंय. बाकीच्या अठरा घरांचे निकाल स्वच्छ आहेत, ती पत्रं जातील. आपण दोघांनी एकत्र कुठेही जायचं नाही. आपण त्यांच्यासमोर भांडू, आणि त्यांना वाटेल आपण त्यांच्या मुलावरून भांडतोय.

मी सोमवारी तिकडे येतेय. उतरायची सोय बाहेर केलीय. आईंना फोनवर सांगू नका, त्या म्हणतील तुमच्याकडे का नाही.

एक विचारायचंय. अकरा वर्षं मी बाकावर होते, दीड वर्ष टेबलावर आहे. कोणाच्या घरी जाऊन असं काही मीही कधी सांगितलेलं नाही. दार उघडल्यावर पहिलं वाक्य काय म्हणायचं, ते मला येत नाही. कागदावर लिहून बघितलं, सगळी वाक्यं परिपत्रकासारखी होतात. तुम्ही जाऊन आलात. तुम्हाला विचारावं लागतंय याचा मला किती त्रास होतोय ते तुम्हाला कळेल, आणि त्याचा तुम्हाला आनंदही होईल. होऊ दे. पण सोमवारच्या आत कळवा.

— वहिनी


१५ जुलै

आनंद झाला.

दोन घरं झाली. पहिल्या घरी मी म्हटलं, चूक प्रयोगशाळेत नमुने भरणाऱ्या व्यक्तीकडून झाली. त्या माणसाने मला दारातच विचारलं, "मग ती व्यक्ती कुठेय?" आणि तो पुढचं काही ऐकेना. दुसऱ्या घरी म्हटलं, चूक माझ्याकडून झाली. तर ती बाई मलाच पाणी द्यायला लागली, माझीच समजूत काढत बसली, आणि मुलाचं राहिलं बाजूला.

तेव्हा असं कर. दार उघडलं की म्हण, "आमच्याकडून चूक झाली." तुझी म्हणू नकोस, माझी म्हणू नकोस. त्यांना आपल्या दोघांत काडीचाही रस नाही. मग गप्प बस. दुसरं वाक्य लागत नाही, तेच विचारायला लागतात.